दाराखालचं पोतं

मी धुळ्याला एका हृदयरोगाच्या दवाखान्यात मशिनवर होते. त्याआधी जळगावला. "मशिनवर" हाच आमच्या कामाचा गावठी हुद्दा. घरात कुणी विचारलं की सासूबाई सांगायच्या, "आमची सून हार्टच्या मशिनवर आहे." ऐकणाऱ्याला वाटे, बिचारी आजारी दिसते. मी सुरुवातीला खुलासे करत बसायचे, मग सोडून दिलं. छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढणं, सरकत्या पट्ट्यावर चालवून हृदयाची दमछाक बघणं, आणि पुढे सोनोग्राफीसारख्या यंत्रानं रक्तवाहिन्या पाहणं, हे माझं आयुष्य. रिपोर्टवर सही डॉक्टरांची. मी फक्त दाखवायची.

या धंद्यात माणसं फार खोटं बोलतात. पट्ट्यावर चालण्याच्या तपासणीआधी बिडी-सिगारेट बंद असं बजावून सांगितलेलं असतं. जळगावला एक गृहस्थ तपासणीच्या अगदी तोंडावर संडासात जाऊन सिगारेट ओढून आले. का, तर धीर यावा म्हणून. नाडी अशी धावत होती की पट्टा सुरू करायची गरजच नव्हती. मी म्हटलं, "दादा, तुम्ही ओढून आलात." ते म्हणाले, "नाही हो, संडासात आधीच कुणीतरी ओढलेली होती. तिचा वास असेल." असे वकील रोज भेटत.

पण हा लेख ओढणाऱ्यांचा नाही. त्यांच्याबद्दल पुष्कळ लिहून झालंय, आणि त्यांना काही फरक पडत नाही. मला सांगायचंय ते शेजारी बसणाऱ्यांबद्दल. आमच्या मशिनला ते दिसायचे. बाकी कुणाला दिसायचे नाहीत.

आमच्या डॉक्टरांना, म्हणजे सरांना, एका चाचणीचा नाद होता; जळगावला आणि धुळ्याला दोन्हीकडे मी त्यांच्याच हाताखाली होते. ही चाचणी सहसा कुणी करत नाही, कारण तिच्यावरून औषध ठरत नाही. सर तिचे पैसेही घेत नसत. पण मला ती फार आवडायची, म्हणून जरा समजावून सांगते. पेशंटला उपाशीपोटी, चहा-तंबाखूशिवाय शांत आडवं निजवायचं. कोपराच्या वर दंडातली मुख्य रक्तवाहिनी पडद्यावर धरायची आणि तिची रुंदी मोजायची. मग कोपराखाली ब्लडप्रेशरचा पट्टा बांधून करकचून फुगवायचा आणि पाच मिनिटं तसाच ठेवायचा. हात पांढरा पडतो, मुंग्या येतात, माणूस तोंड वाकडं करतो. मग पट्टा एकदम सोडायचा. अडवलेलं रक्त जोरात धावतं आणि चांगली रक्तवाहिनी त्या लोंढ्याला जागा करून द्यायला आपणहून रुंदावते. केसभरच रुंदावते, पण पडद्यावर ती उमलताना बघितली की मला दर वेळी बरं वाटायचं.

ही रुंदावण्याची अक्कल रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरात असते. अगदी पातळ अस्तर. ते शाबूत असेल तर वाहिनी सैल पडते, आत रक्त चिकटत नाही, गाठ धरत नाही. तंबाखूच्या धुरानं ते अस्तर मुकं होतं. लोंढा आला तरी वाहिनी ढिम्म. आणि माणसांना पटत नाही ती गोष्ट अशी की, हे अस्तर बिडी कुणाच्या तोंडात आहे ते विचारत नाही. स्वतः कधी न ओढणारा, पण रोज धुरात बसणारा माणूसही मशिनखाली ओढणाऱ्याच्या भावासारखा दिसतो. थोडा वेळ धुरात बसलं तरी अस्तर रुसतं, रोज बसलं तर अबोला धरतं. एकट्या धुरावर सगळं ढकलू नका, साखर आहे, ब्लडप्रेशर आहे, घराणं आहे, असं सर नेहमी बजावत. ते खरंच आहे. पण जिथे साखर नाही, घराणं नाही, तिथे काय म्हणायचं?

माझं लहानपण दीपनगरच्या वसाहतीत गेलं. वडील तिथल्या कोळशावरच्या वीज केंद्रात होते. वाळत घातलेल्या कपड्यांवर चिमणीची राख बसे, आणि वसाहतीत कुणालाही काही झालं की बायका चिमणीकडे बोट दाखवत. माझ्या आईचा दमाही राखेच्याच नावावर जमा होता. वडील मात्र पाळीवरून आले की पंख्याखाली बसून एकामागून एक सिगारेट ओढत, आणि आई त्यांच्यापुढे रक्षापात्र सरकवी. राखेला शिव्या आणि सिगारेटला पाट. हे मला कळलं तेव्हा आई राहिली नव्हती. तेव्हापासून धुराच्या बाबतीत माझं डोकं जरा लवकर तापतं, हे मान्य करून टाकते.

जळगावचे रफिकभाई मला अजून आठवतात. केशकर्तनालय चालवायचे. बिडीला जन्मात हात लावला नव्हता, पण दुकानातल्या बाकावर गिऱ्हाईकं दिवसभर धूर काढत बसत. पट्टा सोडल्यावर त्यांची वाहिनी हललीच नाही. समजावून सांगितल्यावर रफिकभाईंनी दुकानात नियम केला. जो बिडी पेटवेल त्याची दाढी जिथे असेल तिथे थांबेल. एका बड्या आडत्याला त्यांनी खरंच एका गालावर साबण ठेवून रस्त्यावर उभं केलं. म्हणाले, "शेठ, संपवून या. मी थांबतो, माझी नस थांबत नाही." गाव हसलं, आडत्या चिडला, पण बाकावरचा धूर बंद झाला. ते पुढच्या वेळी आले तेव्हा पडद्यावर वाहिनी जरा हललेली दिसली, आणि मी मशिनमागे एकटीच हसले.

रफिकभाईंना जमलं, कारण त्यांचं गिऱ्हाईक त्यांचा बाप नव्हता आणि मुलगाही नव्हता. हे मला नंतर कळलं, सोनगीरच्या रत्नामुळे.

सोनगीर म्हणजे धुळ्याहून हायवेनं थोडं पुढे, किल्ल्याच्या पायथ्याशी. तांब्या-पितळेच्या भांड्यांचं गाव. रत्ना तिथल्या एका तांबटाची सून, माहेर पाचोऱ्याचं. चाळिशी नुकती ओलांडलेली. जिना चढताना छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं होतं, अशी तक्रार घेऊन आली. सोबत नवरा सुरेश आणि सासरे. सासऱ्यांना सगळं गाव आबा म्हणायचं, आम्हीही म्हणू लागलो. पंचाहत्तरी पार केलेले, हाताची बोटं हातोडीनं चपटी झालेली, डोक्यावर टोपी, पाठ ताठ. घरातल्या सुनेसाठी सासरा स्वतः दवाखान्यात येऊन बसतो, हे आमच्याकडे रोज दिसत नाही. रत्नावर त्यांचा जीव होता.

रत्नाला साखर नव्हती. ब्लडप्रेशर किरकोळ. पाचोऱ्याला आई-बाप खणखणीत. पण पट्ट्यावरची तपासणी वाईट आली, आणि दंडातली वाहिनी पट्टा सोडल्यावर जागची हलली नाही. सरांनी तिघांना समोर बसवलं आणि नेहमीचे प्रश्न सुरू केले. मशेरी लावता का? नाही. घरात कुणी बिडी-सिगारेट?

रत्नानं पदर सारखा केला. सुरेश जमिनीकडे बघू लागला. उत्तर आबांनी दिलं, मान वर करून.

"साहेब, आम्हना घरमा तमाखूले कोणी शिवत नही. मन्हा बाप बी नही, मी बी नही, मन्हा पोऱ्या बी नही."

सुरेश माझ्यापासून हातभर अंतरावर होता. त्याच्या शर्टाचा वास मला येत होता. सरांनाही येत असणार. पण म्हाताऱ्याच्या तोंडावर "तुमचा मुलगा ओढतो" असं कोण म्हणणार? सरांनी पान उलटलं.

ती पाच मिनिटांची चाचणी मोठी विचित्र. माणूस हलू शकत नाही, हात बधिर झालेला, खोलीत अंधार, फक्त पडद्याचा उजेड. खरं तर बोलायचं नसतं, पण माणसं बोलतात. मी कधी कुणाला गप्प केलं नाही, फक्त हात हलवू नका म्हणायची. दुसऱ्या वेळी रत्ना एकटी आत होती, तेव्हा तिनं छताकडे बघत स्वतःच सुरुवात केली.

"ताई, धूर तर रोजना शे."

सुरेश लग्नाआधीपासून ओढायचा. पुढे दुकान, दुकानात आबांची ये-जा. बाहेर ओटा, ओट्यावर आबांची हातोडी आणि त्यांचे दोस्त. मग उरली मागची खोली. तिथे एक खिडकी आणि एक दार. रत्ना तिथेच झोपायची, तिथेच भांडी घासून चकचकीत करायची, तिथेच मुलीचा अभ्यास. सुरेश आत आला की ती उठून खिडकी लावून घ्यायची, म्हणजे वास पुढे जाणार नाही. दाराखालची फट मोठी होती. तिथे ती पोत्याची घडी दाबायची आणि वर उदबत्ती लावायची.

"पोतं मीच दाबस," ती म्हणाली. त्यात तिला काही वावगं वाटत नव्हतं. उलट जरा अभिमानच होता. इतकी वर्षं घरात राहून तिनं नवऱ्याची लाज सासऱ्यापासून झाकून ठेवली होती. आमच्याकडे हाच संसार. बापासमोर बिडी पेटवणारा पोरगा म्हणजे वाया गेलेला. बापाआड ओढणारा चांगल्या घरचा. सुरेश अगदी चांगल्या घरचा होता, आणि त्याच्या चांगुलपणाचा सगळा धूर त्या बंद खोलीत रत्ना गिळत होती.

मी पट्टा सोडला. पडद्यावर वाहिनी पहिल्यासारखीच पडून राहिली. रत्नानं माझा हात धरला.

"आबासले कळाले नको. तुम्हले मन्ही शपथ शे."

पेशंटनं आतल्या खोलीत सांगितलेलं बाहेर न्यायचं नाही, हा आमच्या कामाचा नियम आहे, शपथ असो वा नसो. पण डॉक्टरांपासून लपवायचं नसतं, म्हणून मी सरांना सांगितलं, आणि सरांनी सुरेशला एकट्याला बोलावलं. सर चिडले की मराठी फार शुद्ध बोलतात. त्या दिवशी अगदी पुस्तकी बोलले. सुरेश वाईट माणूस नव्हता. टेम्पोत भांडी भरून आठवडे बाजार करायचा, दारू नाही, जुगार नाही. ऐकता ऐकता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग म्हणाला, "सर, मी ओढू कोठे? ओटावर आबा, दुकानमा आबा, गल्लीमा आबाना दोस्त. सोनगीरमा मन्हा बापले वळखत नही असा कुत्रा बी नही."

सर म्हणाले, "ओढूच नका ना."

हे सोपं उत्तर होतं. सुरेशनं सोडलीही. काही महिने सोडली. त्या काळात रत्ना आली तेव्हा मी नेहमीसारखा पट्टा सोडला आणि पडद्याकडे बघत राहिले. केसभर, खरंच केसभर, पण वाहिनी उमलली. मी तिला पडदा फिरवून दाखवला. तिला त्यातलं काय कळलं देव जाणे, पण ती लहान मुलीसारखी हसली. म्हणाली, जिना आता एका दमात चढते. औषधांचा वाटा त्यात होताच, पण मला वाटलं, जिंकलो.

त्याच दिवशी सरांना लहर आली. आबा रत्नाबरोबर उपाशीच आले होते, देवळातून थेट. सर म्हणाले, यांचीही बघा. पंचाहत्तरीच्या म्हाताऱ्याकडून काय अपेक्षा करायची? पण पट्टा सोडल्यावर आबांची वाहिनी सुनेपेक्षा चांगली रुंदावली. जन्मभर मोकळ्या ओट्यावर, मोकळ्या हवेत हातोडी चालवलेला माणूस. मला हसू आलं आणि वाईटही वाटलं.

आबांना हा काय प्रकार आहे ते जाणून घ्यायचं होतं. तांबटाला अस्तर कसं समजवायचं, याची मला काळजी पडली नाही. मी म्हटलं, "आबा, तांब्याच्या भांड्याला आतून कल्हई असते ना, तशी रक्ताच्या नळीला आतून असते. ती शाबूत, तर सगळं ठीक."

आबांचा चेहरा उजळला. "म्हंजे कल्हई! कल्हई गई का भांडामा ताक कळकस."

"अगदी तेच."

"मंग पुन्हा लागस का ती?"

"लागते थोडीफार. जे कल्हई खातं ते थांबलं तर."

आबा उठून बसले. बाही खाली ओढली, बटण लावलं. मग माझ्याकडे न बघता सुनेबद्दल हळूच विचारलं, "मंग ताई, मन्ही वहुनी कल्हई कशी काय गई?"

बाहेर बाकावर रत्ना बसलेली दिसत होती. मी आमच्या धंद्यातलं घासून गुळगुळीत झालेलं वाक्य टाकलं. म्हटलं, "ते डॉक्टर सांगतील, आबा." ते थोडा वेळ तिथेच बसून राहिले. मला वाटलं, चक्कर आली असेल, म्हणून पाणी दिलं. पाणी पिऊन ते गेले, आणि सरांना त्यांनी काहीच विचारलं नाही.

पावसाळ्यात आठवडे बाजार बंद पडले, टेम्पो दारात उभा राहिला. रिकामा माणूस आणि बिडी यांची जुनी मैत्री. पुढच्या खेपेला रत्नाची वाहिनी पुन्हा पडून होती. मी काही विचारलं नाही, तीच म्हणाली, "पोतं पुन्हा काढं, ताई." तिला नवऱ्याचा राग नव्हता. तिला मी रागवेन याची भीती होती. मी रागावलेच. म्हटलं, बाई गं, एकदा ते पोतं चुलीत घाल, दार उघड, कळू दे काय कळायचं ते. ती म्हणाली, मुलगी लग्नाला येईल दोन-चार वर्षांत, घरात बाप-लेकाचं बोलणं बंद झालं तर तिचं कोण बघणार? मग मी समजावलं, सरांनी समजावलं, सुरेशला पुन्हा बोलावलं, तो पुन्हा रडला. त्या घरात सगळे एकमेकांवर इतकी माया करत होते की कुणी कुणाला काही बोलू शकत नव्हतं.

हिवाळ्यात एके दिवशी सकाळी दवाखान्याबाहेर भांड्यांचा खणखणाट झाला. सुरेशचा टेम्पो. मागे बाजाराला निघालेली पातेली, हंडे तसेच होते, आणि पुढच्या सीटवर रत्ना. सोनगीर काही लांब नाही, रस्ताही चांगला आहे. पण ती रस्त्यातच गेली होती. सरांनी जे करायचं ते सगळं केलं, मी पट्टी जोडली, कागद सरळ रेषेनं बाहेर येत राहिला. सुरेश दारात उभा होता आणि हातानं टेम्पोच्या दिशेनं काहीतरी दाखवत होता. भांडी उतरवायची राहिली, असं काहीसं म्हणत होता.

बाकीचं लिहीत नाही.

पुढे बरेच दिवस मला त्या चाचणीचा कंटाळा आला. पट्टा बांधायचा, फुगवायचा, बघायचं, आणि गप्प बसायचं. सरांनाही आला असावा, कारण त्यांनीही ती कुणाची करायला सांगितली नाही. मशिन फक्त इकोपुरतं चालू राहिलं.

वर्षश्राद्ध होऊन गेल्यावर आबा आले. सोबत नात पूनम, अकरावीत शिकणारी, आईसारखाच गोल चेहरा. मागे सुरेश, खूप वाळलेला. सर पुण्याला गेले होते. मी म्हटलं, सर नाहीत. आबा म्हणाले, "माले सायेब नको. माले तुम्ही पाहिजेत." सुरेशला त्यांनी बाहेर बाकावर बसवलं, आणि पूनमला पुढे केलं. "हिनी कल्हई दखा."

मी पूनमला निजवलं, पट्टा फुगवला. आबा स्टुलावर बसले. पाच मिनिटं सुरू झाली, आणि या वेळी बोलायला लागले ते आबा.

"ताई, माले माहीत व्हतं."

मी पडद्यावरून नजर काढली नाही.

"तो मिसरूड फुटेल पोऱ्या व्हता ना, तवयपासून माहीत व्हतं. मी घरमा जावाना आगोदर खाकरू. जोरमा. त्याले इझाडाले येळ भेटाले पाहिजे म्हनीसन."

म्हणजे असं. मुलगा बापाचा मान राखायला दार लावून ओढायचा, आणि बाप मुलाचा मान राखायला दारापासून लांब उभा राहून खाकरायचा. मागच्या खोलीतली बिडी त्या खाकरण्यावर विझे, आबा परत फिरत, आणि ती पुन्हा पेटे. सगळं नीट चाललं होतं. बापाला माहीत होतं, मुलाला बापाला माहीत असल्याचं बहुधा माहीत होतं, आणि मध्ये रत्ना पोतं दाबून बसली होती.

आबा म्हणाले, "तो मन्ही मर्यादा राखे, मी त्यानी राखू. वहुनी कोणी राखी नही."

पूनमच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी कानाकडे चाललं होतं. हात हलवू नको, असं मी तिला सांगितलं.

"त्या दिन मी तुम्हले इचारं, मन्ही वहुनी कल्हई कशी गई. याद शे?"

"आहे, आबा."

"मन्हा तोंडमाईन ते निंघत नव्हतं. तुम्ही सांगतात ना, तर मी बाहेर जाईसन त्याले बोलतू. माले फक्त कोणी आगोदर बोलाले पाहिजे व्हतं."

रत्नानं मला शपथ घातली होती, आणि नियमही तोच होता. आज पुन्हा तसा प्रसंग आला तर नियम तोच राहील, हे मला माहीत आहे. आणि तरी त्या दिवशी तपासणीच्या खाटेवर बाहीचं बटण लावत बसलेले आबा मला अजून दिसतात. उत्तर ठाऊक असलेला माणूस माझ्याकडे उत्तर मागत होता, आणि मी त्याला पाणी दिलं. या कामात इतकी वर्षं काढली, हजारो वाहिन्या पाहिल्या, पण आठवण म्हणून हीच मानगुटीवर बसली आहे.

मी विचारलं, "आबा, आज मग कसे आलात?"

आबांनी नातीकडे बोट केलं. "पोतं आजून लागस. आते ही दाबस."

पाच मिनिटं झाली. मी पट्टा सोडला. पूनमची वाहिनी थोडी थबकली, मग रुंदावली. तिच्या वयाला शोभेल इतकी नाही, पण रुंदावली. मी आबांना म्हटलं, "कल्हई आहे अजून. पण सांभाळायला हवी."

आबांनी मान हलवली आणि सुरेशला आत हाक मारली. तो आला आणि सवयीनं बापापासून जरा लांब, भिंतीला चिकटून उभा राहिला. आबांनी कोटाच्या खिशातून बिड्यांचं एक बंडल आणि काडेपेटी काढली आणि माझ्या टेबलावर, सोनोग्राफीच्या जेलच्या बाटलीशेजारी ठेवली. हे त्यांनी स्वतः सोनगीरच्या टपरीवरून विकत घेतलं होतं. टपरीवाल्याला वाटलं असेल, म्हातारा या वयात बिघडला.

"आम्ही कल्हई करतस तवय बी धूर व्हस," आबा म्हणाले. "पन तो आंगनमा करतस. घरमा कोणी करत नही. आजपासून तू ओटावर बस. मन्हा समोर ओढ. मी उठनार नही, खाकरनार बी नही."

सुरेशनं बंडलाला हात लावला नाही. तो खाली बसला, बापाच्या पायाशी, आणि चपट्या बोटांचा तो हात त्याच्या डोक्यावर कितीतरी वेळ तसाच होता. मी पूनमच्या दंडावरचं जेल पुसत राहिले. पुसून झालं तरी पुसत राहिले.

निवृत्त झाल्यावर एकदा शिरपूरला लग्नाला जाताना मी मुद्दाम सोनगीरला उतरले. निमित्त तांब्याच्या हंड्याचं. आबांचा ओटा कुणीही दाखवला असता. आबा हातोडी चालवत बसले होते, पूर्वीपेक्षा हळू. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला, पायरीवर, सुरेश बिडी ओढत बसला होता. सोडली असेल अशी माझी भाबडी आशा होती. ती काही खरी झाली नाही. पाठ बापाकडे, खांदे पडलेले, दोन झुरके घाईघाईनं आणि मग नुसतीच हातात. बापासमोर ओढलेली बिडी गोड लागत नसावी. कमी झाली आहे, असं पूनमनं मला आत नेल्यावर सांगितलं. मागच्या खोलीचं दार उघडं होतं, खिडकी उघडी होती. दाराखालची फट तशीच होती, आणि तिच्यातून उजेड आत येत होता.

मी हंडा घेऊन बाहेर आले, तर समोरून चाललेले दोघे म्हातारे ओट्याकडे बघून एकमेकांच्या कानाशी लागले आणि हसले. तांबटाचा मुलगा बापाच्या तोंडासमोर बिडी ओढतो, ही सोनगीरमध्ये अजून शिळी न झालेली बातमी होती. जन्मभर कमावलेलं नाव आबांनी असं ओट्यावर मांडून ठेवलं होतं. माझा चेहरा बघून ते म्हणाले, "बठ्ठा गाव हासस माले, ताई."

"हसू द्या, आबा."

"हासू दे," आबा म्हणाले, आणि हातोडी खाली ठेवली. "तवयच हासतं, तर मन्ही वहु आज ऱ्हाती."